जागा विचारून घ्यावी

नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरवर तिने इस्त्री टेकवली तेवढ्यात फोन वाजला. मान वाकडी करून तिने तो खांद्याशी दाबून धरला.

"ताई, कानवाला बोलतोय. तुमचे सासरे आलेच नाहीत आज. मी तीनपर्यंत वाट बघितली."

"आले होते की," ती म्हणाली. "दीडलाच परत आलेत. काम झालं म्हणाले."

"माझ्याकडे नाही आले. त्यांचं नवीन मशीन इथं डबीत माझ्यासमोर पडलंय."

तिने इस्त्री उभी करून ठेवली.

"गाडी कुठे होती तुमची?"

"जुन्या सिनेमागृहाच्या मागे. वाचनालयापाशी फरशी फोडायचं काम चाललंय ना, त्या धडधडीत कुणाचे कान तपासणार? म्हणून तर कार्डावर छापलंय, आदल्या दिवशी फोन करून जागा विचारून घ्यावी, मग वेळ ठरवावी. सगळ्यांनी केला फोन. तुमचा तेवढा राहिला."

तो रागावून बोलत नव्हता. रागावला असता तर तिला भांडता तरी आलं असतं.

त्याची पदवी मोठी होती, पण सगळे त्याला कानवालाच म्हणायचे. बहिऱ्या माणसांसाठी तो गाडी घेऊन सहा गावं फिरायचा. एका गावाची पाळी दोन महिन्यांनी यायची. तपासणीला शांतता लागते, त्यामुळे त्याच्या गाडीला ठरलेली जागा नव्हती. जिथे गोंगाट कमी, तिथे ती उभी. मागच्या खेपेला तो सासऱ्यांच्या कानाचा साचा घेऊन गेला होता. मधल्या काळात जुनं मशीन कुरकुर करत करत तीन आठवड्यांपूर्वी पुरतं बंद पडलं. आता फोन करायचा तो तिनेच. सासऱ्यांना फोनवर बोलता येत नव्हतं आणि नवरा गोदामात कामाला, तिथे फोन फाटकावरच जमा करून घेतात.

काल दिवसभर ती आता करू, मग करू म्हणत राहिली. संध्याकाळी, फोन केलास का, असं विचारायला सासऱ्यांनी अंगठा कानाशी नेऊन भुवया उंचावल्या, तर ही बाई होकाराची मान हलवून मोकळी झाली. "वाचनालयापाशी," तिने ओठ मोठे हलवून सांगितलं. दरवेळी तिथेच तर असते गाडी, त्यात काय विचारायचं! "अकरा वाजता," हेही सांगितलं. वेळ तर तिने निव्वळ पदरची घातली.

विसरली म्हणावं, तर तसंही नव्हतं. खरं म्हणजे हे तीन आठवडे तिला फार बरे गेले होते. रोज दुपारी दोन वाजता तिच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. एरवी ती स्वयंपाकघरात जाऊन दबक्या आवाजात बोलायची. आता ती ऐसपैस कोचावर बसायची आणि सासरे दोन हातांवर पेपर वाचत असताना त्यांच्याचबद्दल बोलायची. गॅस बंद केला तरी परत जाऊन बटण बघतात. एकच गोष्ट सतरांदा सांगतात. परवा तर ती म्हणाली होती, "आणखी किती वर्षं गं काढायची अशी?" सासऱ्यांनी पेपरचं पान उलटलं होतं. तेव्हा काही वाटलं नाही. आता ते वाक्य आठवून तिला स्वतःचीच शिसारी आली.

"रविवारी नातीचं नाटक आहे हो त्यांच्या," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या कुठे असाल तुम्ही?"

त्याने पुढच्या गावाचं नाव सांगितलं. बसने अडीच तास. "पण जागा आत्ता नाही सांगता येणार. तिथे पोचून बघतो, मग सांगतो. सकाळी साडेआठला फोन करा. कराल ना?"

ते 'कराल ना' तिच्या जिव्हारी लागलं.

ती बाहेरच्या खोलीच्या दारात आली. सासरे खुर्चीत ताठ बसले होते. कानात तेच मेलेलं मशीन. त्यांच्या बुटांवर फरशीची पांढरी भुकटी अजून तशीच होती. समोर नऊ वर्षांची खारू आपली चार वाक्यं म्हणत होती. नाटकात ती पोस्टमन होती आणि आजोबांनी पहिल्या रांगेत बसून ऐकायचं, असं महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. ते तिच्या ओठांवर नजर रोखून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. शेवटचं वाक्य खारूने ऐटीत पाठ फिरवून म्हटलं. ते म्हणून झालं, ती वळली, तरी आजोबांची मान हलतच होती.

"खणखणीत," ते म्हणाले.

"आई, आजोबांना सगळं ऐकू येतंय आता," खारूने सांगितलं.

सहाला नवरा आला. जेवायला बसल्यावर त्याने वडिलांकडे बघून कानाला बोट लावलं.

"झालं, झालं," सासरे म्हणाले. "सूनबाईने जागा, वेळ, सगळं बरोबर विचारून ठेवलं होतं. काही त्रास नाही पडला."

"तू आहेस म्हणून निभतंय बघ," नवरा तिला म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं, म्हाताऱ्याने तशी सोयच करून ठेवली होती. तीच तिला सोसवेना.

"मी फोन केलाच नव्हता," ती म्हणाली.

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. सासरे दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघू लागले. त्यांना ऐकूच गेलं नव्हतं. मग ती उठून त्यांच्यासमोर वाकली आणि जे कुजबुजत सांगायचं ते तिला ओरडून सांगावं लागलं.

"बाबा, मी फोन केलाच नव्हता. तुम्हाला थाप मारली."

शेजारच्या घरातली भांडी क्षणभर थांबली. सासऱ्यांनी मशीन कानातून काढून ताटाशेजारी ठेवलं.

"ते मला वाचनालयापाशीच कळलं," ते म्हणाले. "जेवून घे आधी. गार होतंय."

फोन का केला नाही, ते मात्र तिने सांगितलं नाही. तेवढी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सहाच्या बसने दोघं निघाली. ठीक साडेआठला, बस खड्ड्यांतून आदळत असताना तिने फोन लावला. कुठली गल्ली, कुठलं फाटक, कितीपर्यंत थांबाल, सगळं विचारलं, त्याच्याकडून परत एकदा वदवून घेतलं आणि साडेदहाची वेळ ठरवली. मागच्या बाकावरची बाई हसली. हसू दे.

गाडी सांगितल्या जागी होती. साचा बेताचा बसत होता, तो घासून पुसून नीट बसवण्यात दोन तास गेले. बाहेर आल्यावर सासरे पायरीवर थबकले आणि कुठल्याशा झाडाकडे बघत राहिले. तिथे पाखरं भांडत होती. तिला रडू फुटेल असं वाटलं. तिने त्यांची पिशवी आपल्या हातात घेतली.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले, ती शेजारी. ते आपण होऊन एकेक सांगत होते. चाकाचा आवाज येतोय, पुढचा माणूस घोरतोय. ती हसून हो हो म्हणत होती. तेवढ्यात तिच्या पर्समधला फोन वाजला. दोन वाजले होते. बहीण.

सासऱ्यांचं वाक्य अर्ध्यावर थांबलं. त्यांचा हात सवयीने कानाकडे गेला, त्यांनी नवंकोरं मशीन काढलं, शर्टाच्या खिशात ठेवलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

ती बघतच राहिली. जुनं मशीन ठणठणीत होतं त्या दिवसांतही, दुपारी फोन संपवून ती स्वयंपाकघरातून बाहेर यायची तेव्हा ते त्यांच्या खिशातच असायचं. वामकुक्षीसाठी काढत असतील, असं ती धरून चालली होती. पण ते दुपारी कधीच झोपत नसत.

फोन वाजून वाजून बंद झाला. तिने त्यांच्या दंडाला हात लावला. ते वळले.

"घाला ना, बाबा," ती म्हणाली. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. त्यांना तेवढं पुरलं.

"तुझं बोलणं होऊ दे आधी," ते म्हणाले.