पाळण्याची झालर

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. टाळ घडीभर खाली ठेवा. छावणीतल्या राममंदिरातल्या पाळण्याची गोष्ट सांगतो.

"कडूबादादा, औंदा दोरी बदला की," साळूबाई म्हणत होती. "पाळणा लई लवकर थांबतो."

पोलीस ॲक्शनला काही वर्षं उलटलेली. रामनवमीची सकाळ. तिथली रीत अशी, की दुपारी जन्माचं कीर्तन झालं की प्रत्येक बाईनं पाळण्याची दोरी एकदाच ओढायची. पाळणा हलतोय तोवर मनातलं रामरायाला सांगायचं. थांबला, की दोरी पुढच्या बाईच्या हाती. साळूबाईचा धनी पुंजाराम रझाकारांच्या धामधुमीत मेंढरं घेऊन पैठणकडं गेला, तो परतलाच नाही. दरसाल ती शेळीचं, छपराचं, लेकीचं सांगायची; पुंजारामाचं नाव ओठांवर येईतो पाळणा थांबलेला असायचा.

"आधी त्येच सांगावं की गं!" शेजारची लक्ष्मीबाई हसली.

"वा गं वा! देवाच्या दारात पाऊल टाकलं की गाऱ्हाणं? घरची खुशाली नको सांगाया?"

कडूबा सुतारानं पाळणा हलवून पाहिला. कड्यांना तेल होतं, दोरी धड होती. मग त्यानं खाली लोंबणारी झालर चिमटीत धरली. ती साळूबाईच शिवायची. देवाला आवडेल म्हणून दरसाल घेर वाढवायची.

"बाई, राग नका धरू. दोरीचा कसूर नाय. ही झालर हवा ढकलती. जाता हवा आडवी, येता हवा आडवी. झोक्याचा दम त्यातच जातो."

"म्हंजी मीच माजं तोंड शिवत व्हते व्हय?" असं म्हणून साळूबाईनं झालरीचा पहिला टाका दातांनीच तोडला.

दुपारी गुलाल उधळला. साळूबाईची पाळी आली. बोडका पाळणा मोकळा झुलू लागला. शेळीचं झालं, छपराचं झालं, लेकीला दिवस गेल्याचं झालं. पाळणा हलतच होता. पुंजारामाचं नाव आलं आणि इतक्या वर्षांचं 'येऊ दे' काही तोंडून निघेना.

"कुटं का असंना," ती पुटपुटली, "जेवलेला असू दे."

झोका बारीक बारीक होत गेला. ठेका मात्र पहिल्यापासून तोच. पाळणा हलतोय की नाही हे दिसेनासं झालं, तरी साळूबाईची मान त्याच ठेक्यात हलत होती. लक्ष्मीबाईनं दोरी मागितली नाही.

तेव्हा मायबाप, कधी रामजन्माची दोरी तुमच्या हाती आली, तर घरचं सगळं सांगून झाल्यावर मेंढरांमागं गेलेल्या पुंजारामाचंही नाव घ्या.