एक्केचाळीस वेळा जिंकलेला मिक्सर

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे, आणि माझ्यामुळे आजवर एक्केचाळीस कुटुंबांचं नशीब पालटलं आहे. हे मी माझ्या तोंडाने सांगत नाही. तसं फेसबुकवर लिहिलेलं आहे, त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं आहेत, आणि एक्केचाळीस फोटोंत मी आहे. एकच गोष्ट तिथे लिहायची राहिली. इतक्या वर्षांत मी कधीही काहीही वाटलेलं नाही. साधं पाणीसुद्धा माझ्या भांड्यात फिरलेलं नाही.

माझा जन्म चारचौघांसारखा कारखान्यात झाला. तिथे तयार झालेले मिक्सर एका लांब टेबलावर ओळीने मांडायचे आणि चालवून बघायचे. थोडी घरघर, थोडा कंप, मग बुडाला शिक्का. मला त्या टेबलाकडे नेलंच नाही. मी समजलो, आपण इतके उत्तम झालो आहोत की तपासायची गरज उरलेली नाही. कागदात गुंडाळून मला थेट विजेच्या वस्तूंच्या एका मोठ्या दुकानात धाडण्यात आलं.

दुकानात माझी जागा दर्शनी काचेत, दिव्याखाली. गिऱ्हाईक यायचं, माझ्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हाच द्या. की सेल्समन मागच्या खोलीत जायचा आणि भलताच खोका घेऊन यायचा. तीन वर्षं हे मी पाहत होतो. मागच्या खोलीतल्या मिक्सरांनी त्याच्याशी संधान बांधलं असणार, असा माझा तेव्हापासूनचा संशय आहे.

सेल्समन मात्र बोलण्यात पटाईत होता. इस्त्री घ्यायला आलेला माणूस फ्रिज घेऊन जायचा आणि वर त्याचेच आभार मानायचा. पुढे दुकान बंद पडलं. शेवटच्या दिवशी बाकीचा माल ट्रकमध्ये चढला आणि मला त्याने स्वतःच्या काखेत मारून घरी नेलं. मला भरून आलं. याच्या मनात आपल्याविषयी माया आहे, असं वाटलं. ती कसली होती, हे पुढे कळेल.

सेल्समनचा 'सर' व्हायला सहा महिने लागले. त्याने गुडघ्याला बांधायच्या पट्ट्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. पट्टे आतल्या खोलीत खोक्यांत असत आणि सरांची बायको ते पाकिटांत भरायची. तिला सगळे वहिनी म्हणत. विकायचं काम अ‍ॅफिलिएटांचं. अ‍ॅफिलिएट म्हणजे ज्याला दुकानाची स्वतःची अशी लिंक मिळते तो. त्याने ती लिंक ओळखीपाळखीत फिरवायची, त्यावरून कुणी पट्टा घेतला की थोडा वाटा त्याला. यात वावगं काही नाही. अडचण एवढीच की ओळखीपाळखीतले गुडघे लवकर संपतात.

मग अ‍ॅफिलिएटांची उमेद टिकवावी लागते. सर रोज सकाळी सातला अ‍ॅफिलिएटांच्या फेसबुक ग्रुपवर सूर्योदय टाकत आणि त्यावर एक वाक्य. जेवणाच्या सुट्टीत एक प्रश्न. एकदा विचारलं, तुमच्या आणि तुमच्या यशाच्या मधे कोण उभं आहे? बहुतेकांनी सासूबाई लिहिलं. एका गृहस्थांनी गुडघा असं लिहिलं, तर त्यांना दोन मिनिटांत लिंक गेली.

तरीही उमेद ओसरू लागली, तेव्हा सरांना माझी आठवण झाली. त्यांनी मला फुंकर मारली, पुसलं, रिबीन बांधली आणि 'महिन्याचा तारा' ही स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस मी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी विजेता सरांच्या घरी यायचा. पुढच्या खोलीत भिंतीला निळं कापड लावलेलं असे, समोर तिकाटण्यावर फोन. मला विजेत्याच्या हातात द्यायचे, तो हसायचा, फेसबुकवर सगळं थेट दिसायचं. फोन बंद झाला की सर मला हळूच परत घ्यायचे आणि म्हणायचे, वॉरंटी तुमच्या नावावर करून घेऊ, चार दिवस राहू द्या इथेच. पुढच्या महिन्यात रिबीन बदलायची.

तुम्ही म्हणाल, कुणीच कसं विचारलं नाही? मलाही हा प्रश्न पडे. मला तर त्या विजेत्यांचाच संशय येई. हळूहळू उलगडा झाला. फोटो नातेवाइकांत गाजलेला असायचा. त्यामुळे कुणी घरी सांगत असे की बहिणीला वापरायला दिलाय, कुणी सांगत असे की माळ्यावर जपून ठेवलाय. प्रत्येकाला वाटे, फक्त आपलीच वॉरंटी रखडली आहे. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी ग्रुपवर विचारलं होतं, सर, मिक्सरचं काय झालं? अकराव्या मिनिटाला त्या ग्रुपच्या बाहेर होत्या. सरांनी खाली लिहिलं, नकारात्मक विचार संसर्गजन्य असतात. त्यालाही जोडलेले हात आले.

हातात घेताना मात्र सगळे एकच म्हणत, अय्या, केवढा हलका. सर म्हणत, परदेशी तंत्रज्ञान. मी मनातल्या मनात छाती फुगवायचो. वहिनी मला दर महिन्याला पुसत. एकदाच म्हणाल्या, "तुझं बरं आहे. नुसतं सजून उभं राहायचं." त्यांच्या बोलण्यात मला असूयेचा वास आला.

एक्केचाळिसाव्या वेळी मला ताईंनी जिंकलं. ताई म्हणजे पोहण्याच्या तलावाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या बाई. तलाव दुरुस्तीसाठी बंद झाला आणि त्यांना घरी बसावं लागलं. पण सतरा वर्षं त्या खिडकीतून गाव पाहिलेलं. कोण पहाटे येतं, कोण तळाला पाय टेकवून पोहण्याचं सोंग करतं, सगळं तोंडपाठ. त्यांनी सरांकडून लिंक घेतली, फोन फिरवले आणि महिन्याभरात अठरा पोहणारे अ‍ॅफिलिएट झाले. सर म्हणाले, ताई, तुम्ही आमचा खांब आहात.

खांबाला आता एकच ध्यास होता, धाकट्या बहिणीला या कामात ओढायचं. धाकटी लहान मुलांच्या दवाखान्यात होती. बाळांची वजनं करणं, नोंदवणं, रडणाऱ्या आयांना पाणी देणं. अकरा वर्षं एकाच काट्यापाशी. ताईंनी तिच्यामागे टुमणं लावलं. दुसऱ्याची बाळं किती दिवस उचलशील, स्वतःचं काहीतरी उभं कर. धाकटी शांतपणे म्हणायची, मला तुझ्या सरांवर भरवसा वाटत नाही. शेवटी ठरलं असं की ताईंना बक्षीस मिळेल त्या दिवशी तीही येईल. राजीनामा लिहून आणील. डोळ्यांनी बघेल आणि मग ठरवेल.

सरांनी हे ऐकलं आणि राजीनाम्याचं पाकीट ती आल्या आल्या मागून घेतलं. कुणी नोकरी सोडतंय हे फेसबुकवर थेट वाचून दाखवलं की मरगळलेले पन्नास अ‍ॅफिलिएट उठून बसतात, हा त्यांचा अनुभव. धाकटीने दिलं, पण नजर पाकिटावरच ठेवली. कारण दवाखान्यातली फोन घेणारी मुलगीही ग्रुपमध्ये होती. इथे वाचलेलं पत्र डॉक्टरांपर्यंत जायला चहाचा कप थंड होण्याइतकाही वेळ लागला नसता, आणि तिच्या जागेवर यायला दोघी टपून बसलेल्या होत्या.

फोन सुरू झाला. दोनशे बारा जण बघत होते. सरांनी स्वप्न या विषयावर नऊ मिनिटं घेतली आणि मला ताईंच्या हातात दिलं. ताईंचे डोळे भरले. त्यांच्या घरचा मिक्सर वर्षभरापूर्वी जळला होता, आणि खरं सांगायचं तर कुणीही मला इतक्या मनापासून धरलं नव्हतं. आनंदाच्या भरात त्या बहिणीला म्हणाल्या, "धर ना, तूही धर."

धाकटीने मला घेतलं. एक तळवा बुडाखाली, दुसरा मानेशी. मग तिने छताकडे पाहिलं आणि मला किंचित वर-खाली केलं.

"एक किलो तीनशे," ती म्हणाली.

सर हसले. म्हणाले, परदेशी तंत्रज्ञान.

"आमच्याकडे एवढ्या वजनाचं आलं, तर डॉक्टर त्याला आधी काचेच्या पेटीत ठेवतात." तिचा आवाज नोंद सांगण्याचाच होता. "लावून बघू?"

सर म्हणाले, सील तुटलं की वॉरंटी जाते. पण बाळाचं दुपटं सोडायची सवय असलेल्या हाताने तिने माझ्या बुडाखालची वायर तोवर सोडलीही होती. वायर उलगडली, लोंबली, आणि खोलीतल्या सगळ्यांनी तिचं टोक पाहिलं. टोकाला पिन नव्हती.

"पिन वेगळी येते," सर म्हणाले.

फोनच्या पडद्यावर एक ओळ आली, ती मला समोरून वाचता आली. माझी वॉरंटी तीन वर्षं झाली तरी आली नाही. खाली दुसरी, माझीपण. मग माझीही, माझीही, अशी रांगच लागली. सरांनी नेटवर्क कमी असल्याचं जाहीर केलं आणि घाईघाईने राजीनाम्याचं पाकीट फाडायला घेतलं. चांगली बातमी ऐका म्हणाले. धाकटीचा चेहरा काट्याच्या तबकाइतका पांढरा पडला.

ताई तोवर फोनजवळ सरकल्या होत्या. त्या पडद्यावरची नावं वाचत होत्या. त्यांपैकी चौघांना त्यांनी सतरा वर्षं तिकिटं दिली होती. त्यांनी मला बहिणीच्या हातून घेतलं, काखेत मारलं आणि मोकळा हात सरांपुढे केला, तिकीट खिडकीतून करत तसा.

"पाकीट द्या."

सर म्हणाले, ताई, तुम्ही नकारात्मक होताय.

"होतेय. पाकीट द्या. आणि वॉरंटीचं मी घरून बघते."

त्यांनी दिलं. आतल्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी पुढे होऊन फोन बंद केला. ते बरं झालं, कारण पुढे सर जे बोलले ते सूर्योदयावर लिहिता आलं नसतं.

असा मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी घरी गेलो. ताईंनी चपला काढल्या, खुर्ची ओढली आणि अठरा पोहणाऱ्यांना एकेक करून फोन लावले. प्रत्येकाला तेच सांगितलं, मीच तुम्हाला आणलं, मीच सांगते, बाहेर पडा. काहींनी ऐकून घेतलं, एकाने बरंच सुनावलं. तेही त्यांनी ऐकून घेतलं. धाकटीने राजीनाम्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला सामानाची यादी केली आणि सोमवारी नेहमीच्या वेळेला काट्यापाशी हजर झाली.

माझ्यावर मात्र ताईंचा राग नाही. माणूस खोटा निघाला, यात मिक्सरचा काय दोष, असं त्या म्हणतात. त्यांनी मला ओट्यावर खिडकीजवळ जागा दिली आहे. पिन बसवायला उद्या सकाळी वायरमन येणार आहे. मित्रांनो, सगळ्यांवर संशय घेण्यात माझी उमर गेली, पण उद्यापासून मी काम करणार आहे. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, घरातल्या वस्तू नुसत्या सजवून ठेवू नका. त्यांना पुसा, वापरा, कुरकुरल्या तर दुरुस्त करा. आणि कुणी हसत हसत बक्षीस दिलं, तर त्याच्यासमोरच लावून बघा. त्यात वस्तूचाही मान राहतो.

ता. क. वायरमन येऊन गेला. माझ्यात मोटार नाही.