सात शिट्ट्यांचा दिवस

मकबूल ड्रायव्हरला काय आठवतं आणि काय आठवत नाही, हे साऱ्या हिंगोलीत एकट्या त्याच्या बायकोला, मदीनाबीला माहीत होतं, आणि तिनं त्याचा कुणाला वास लागू दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ झाकायची म्हणजे ती सारखी आवळून धरावी लागते, आणि वर्षभर आवळून तिची बोटं आता दुखायला लागली होती.

तरी पुण्याहून पोरगा आलाच. अब्बा भाजीबाजारात उभे राहून घरचा रस्ता विचारत होते, असं अफरोजला कुणीतरी फोनवर कळवलं होतं. कुणी, ते त्यानं सांगितलं नाही. मदीनाबीचा संशय शेजारणीवर होता आणि त्या संशयापायी तिनं शेजारी विरजण देणं बंद केलं होतं. अफरोजचं म्हणणं सरळ होतं. हे घर विकायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं, चौथ्या मजल्यावर एक खोली रिकामीच आहे. सून फरहीन मनानं चांगली होती, पण मीठ कुठल्या डब्यात आहे हे दुसरीला विचारत म्हातारपण काढायचं मदीनाबीच्या जिवावर येत होतं. मकबूलचं तर त्याहून अवघड. इथं गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा त्याला हाताला धरून दारात आणून सोडायचं. तिथं तो खिडकीशी बसून राहील आणि जे थोडंफार उरलंय तेही गमावून बसेल, ही तिची खरी भीती होती.

मग तिनं पोराशी सौदा केला. रविवारी इंजिनवाल्यांचा मेळावा होता. मकबूलनं दरवर्षीसारखी आपली गोष्ट धड सांगितली, तर अफरोजनं एकट्यानं परत जायचं आणि घराचं नाव काढायचं नाही. फसली, तर ती मुकाट्यानं पिशव्या भरणार. अफरोज कबूल झाला, पण त्यानंही एक अट घातली. अम्मीनं मध्ये बोलायचं नाही. अब्बांना आज वार कोणता विचारलं की उत्तर अम्मीच्या तोंडून येतं, हे त्या हुशार पोराच्या लक्षात आलं होतं. शिकवलंही तिनंच होतं म्हणा त्याला.

आता हे इंजिनवाले कोण, तर इंजिनाच्या नादानं खुळी झालेली माणसं. अकोला-पूर्णा रेल्वेची छोटी लाईन होती तेव्हाची गोष्ट. कोळशाची इंजिनं बंद व्हायची ठरली, त्या हिवाळ्यात उरलीसुरली सात इंजिनं धुऊन-पुसून, हार घालून निरोपासाठी एका यार्डात जमवली होती. तो दिवस ज्यांनी पाहिला ती माणसं दरवर्षी एकत्र येतात आणि तोच दिवस एकमेकांना सांगतात. ऐकणारा प्रत्येक जण तिथं हजर होता, तरी सगळे कान टवकारून ऐकतात. घरचे याला वेड म्हणतात, आणि ते खोटं नाही.

मकबूलची गोष्ट सगळ्यात शेवटी असायची, कारण तो प्रेक्षक नव्हता, सातव्या इंजिनावरचा ड्रायव्हर होता. फायरमन होता भावसिंग, तो आता अल्लाघरी, म्हणजे त्याच्या देवाघरी गेला. इंजिनावरचा कायदा असा, की दोघांपैकी ज्याला सिंगल, म्हणजे सिग्नल, आधी दिसेल त्यानं ते मोठ्यानं पुकारायचं आणि दुसऱ्यानं तेच शब्द परत बोलून जबाब द्यायचा. सिंगलचा हात पडला तर 'सिंगल गिरा', म्हणजे जायचं, आडवा उभा असला तर 'सिंगल खडा', म्हणजे थांबायचं. आणि जबाब आला नाही, तर विचारत बसायचं नाही. ज्यानं पुकारलं त्यानंच ब्रेक ओढायचा.

हा कायदा मकबूलनं नोकरीबरोबर घरात आणला. मदीनाबीनं चुलीपाशी 'दूध चढलं' म्हटलं, की ओट्यावरून 'दूध चढलं' असा जबाब यायचा. नवी नवरी असताना तिला हसू आवरायचं नाही. आता त्याच जबाबावर तिचा सारा संसार चालला होता. 'बटन लावा' म्हटलं की 'बटन लावलं'. 'चप्पल इथं' म्हटलं की 'चप्पल इथं'. नाव विसरायचा, वार विसरायचा, कधीकधी भाऊ मेलाय हेही विसरायचा, पण जबाब चुकला नव्हता. जबाब येतोय तोवर गाडी रुळावर आहे, असं तिनं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी मेथी निवडता निवडता तिनं त्याच्याकडून गोष्ट म्हणवून घेतली. यार्डापर्यंत तो खडाखडा बोलला आणि वाफेत शिरल्यावर गप्प झाला. तिनं पुन्हा सुरू करायला लावलं. पुन्हा तो वाफेशी आला आणि मेथीची काडी बोटांत फिरवत बसला. तेवढ्यात अफरोज अंघोळ करून बाहेर आला, तशी ती भाजी महाग झाल्याचं बोलायला लागली.

मेळावा स्टेशनाजवळच्या एका मंगल कार्यालयात होता. सगळा खटाटोप सेनगावच्या माणिकराव गुरुजींचा. शाळेतून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी हजेरी घेतल्यासारखे ते एकेकाला नावानं उभं करत होते. गोरेगावचा भीमराज उठला. त्याला त्या दिवसाचं विचारावं, तर इंजिनाबद्दल दोन वाक्यं आणि यार्डाबाहेरच्या गाड्यावरच्या भज्यांबद्दल दहा. पुसेगावच्या एका म्हाताऱ्यानं पाचव्या इंजिनाची शिट्टी तोंडानं काढून दाखवली, आणि ती सहाव्याची आहे म्हणून मागच्या रांगेत भांडण लागलं. मग गुरुजींनी आपला फोटो वर धरला. काचेच्या चौकटीत एक पांढराफट कागद, त्यावर कुठं रेघ नाही की ठिपका नाही.

"याच्यात सहा इंजिनं हायेत," गुरुजी म्हणाले. "वाफेच्या मागं. तुमाला दिसत न्हाईत, मला दिसून राहिलेत."

दरवर्षी याला हशा होतो तसा झाला. मदीनाबी बायकांच्या रांगेत बसली होती, तिला हसू फुटलं नाही. पलीकडे अफरोज हाताची घडी घालून बसला होता आणि बापावरची नजर काढत नव्हता. मकबूल पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, नवरदेवासारखा ताठ. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला आणि मनातल्या मनात दुआ मागितली. फक्त आजच्या दिवसापुरती, असं ती म्हणाली. देवाशी बोलतानाही बाईनं घासाघीस सोडली नाही.

सुरुवात झकास झाली. मकबूलनं माईक हातात धरला आणि आवाज असा लागला, की पंख्याखाली पेंगणारेही सावरून बसले. इंजिन धुताना भावसिंगनं चिमणीलासुद्धा तेल चोळलं होतं, हे त्यानं सांगितलं. एका साहेबाची टोपी वाफेनं उडून पाणी भरायच्या हौदात पडली, तेही सांगितलं. मग सहा इंजिनं ओळीनं उभी आणि सातवं त्याचं, मोकळ्या रुळावरून सावकाश आत येणारं. कुणा हौशी माणसानं पहिल्या ड्रायव्हरला शिट्टी वाजवायची विनंती केली. पहिल्यानं वाजवली म्हणून दुसऱ्यानं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्यानं. सहा इंजिनं एकदम कोकलायला लागली आणि वाफेनं सगळं यार्ड पांढरं झालं.

"मी पन शिट्टी देऊन राहिलो होतो," मकबूल म्हणाला. "पन माझी शिट्टी 'हटा, हटा' म्हनत होती. सहा शिट्ट्या खुशीच्या अन् सातवी धोक्याची. लोकांना कसं कळावं? समोर वाफच वाफ. मला रूळ दिसंना, सिंगल दिसंना. अन् मग..."

तो थांबला.

दरवर्षी तो इथं थांबायचाच, लोकांना ताटकळत ठेवायला. म्हणून आधी कुणाला काही वाटलं नाही. पण मदीनाबीला त्याचा डावा हात दिसत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं, सकाळी मेथीची काडी फिरत होती तसं. पंखे घरघरत राहिले. कुणीतरी खोकललं. मकबूलनं माईककडं पाहिलं, जणू ही वस्तू आपल्या हातात कुणी दिली अशा नजरेनं. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं आणि ते खुर्चीतून अर्धवट उठले. अफरोजनं मान खाली घातली. जिंकलेल्या माणसाची मान अशी खाली जात नाही, एवढंही मदीनाबीला तेव्हा दिसलं. त्या पोराला हरायचं होतं.

ती उठली. अट गेली खड्ड्यात, असा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. उभ्या आयुष्यात चार परक्या माणसांत तिचा आवाज चढला नव्हता, तो चढला.

"सिंगल खडा!"

सगळ्या माना मागं वळल्या. मकबूलची पाठ ताठ झाली.

"सिंगल खडा!" त्यानं जबाब दिला, आणि त्याचा हात ब्रेकच्या दांड्यावर गेला. दांडा नव्हता, पण हात बरोबर त्याच उंचीवर गेला आणि जोरानं ओढला गेला.

पुढचं सगळं त्या ओढीबरोबर बाहेर आलं. भावसिंगनं त्याच्या बाजूनं पुकारलं होतं, मकबूलनं जबाब दिला होता आणि दांडा ओढला होता. चाकं किंचाळली, इंजिन थांबलं, वाफ विरली. पाहतो तर समोर रुळात एक तरुण मास्तर इंजिनाकडं पाठ करून, डोळ्याला कॅमेरा लावून उभा. त्याला मागं इंजिन आल्याचा पत्ताच नव्हता. तोच हा पांढरा फोटो, आणि तेच हे माणिकराव गुरुजी.

गुरुजी दरवर्षी या ठिकाणी उठून मकबूलचे पाय धरायचे आणि मकबूल दरवर्षी ते धरू द्यायचा नाही. आजही तसंच झालं. टाळ्यांनी कार्यालय दणाणून गेलं. वहिनींनी या वर्षी नवाच रंग भरला, असं लोक म्हणाले. खेळ आधी ठरवून केला असंच सगळ्यांना वाटलं. मदीनाबी खाली बसली तेव्हा आनंदानं तिचे डोळे भरून आले होते.

जेवणं उरकून माणसं पांगली. अफरोजला गुरुजींनी दारात गाठलं होतं, म्हणून म्हातारा-म्हातारी पुढं निघाली. घर रेल्वे फाटकापलीकडे होतं. मदीनाबीच्या पायांना आज पंख फुटले होते. परसातल्या शेवग्याला आळं करायचं, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी बदलायची, शेजारणीला विरजणही द्यायला लागायचं, असं काय काय ती बोलत होती. मकबूल अर्धं पाऊल पुढं, हात मागं बांधून, सकाळसारखाच ताठ चालला होता.

फाटक पडलेलं होतं. नेहमीसारखी दोन-चार माणसं वाकून खालून पलीकडे निसटत होती. अशा माणसांना मकबूलनं जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

"फाटक बंद," ती सवयीनं म्हणाली.

जबाब आला नाही. ती पुढचं बोलायला लागलीही होती. मकबूल वाकला. दांड्याखालून, त्या माणसांच्या मागोमाग, शांतपणे, घरच्या उंबऱ्यातून आत जावं तसा तो पलीकडे गेला. गाडीचा भोंगा जवळ आला होता. मदीनाबी दांड्यावर पोटानं आडवी पडली आणि तिनं त्याच्या सदऱ्याची पाठ मुठीत पकडून मागं ओढली. शिलाई उसवल्याचा आवाज तिला ऐकू आला. तो मागं दांड्याला येऊन टेकला आणि समोरून मालगाडी जायला लागली. डब्यामागून डबा गेला, धूळ उडाली. तिची मूठ सुटली नाही.

गाडी गेल्यावर मकबूलनं मान वळवून पाहिलं. तो लहान मुलासारखा खूश होता.

"कैसा बोल्या मैं?" त्यानं विचारलं.

"बराबर बोले," ती म्हणाली.

फाटक वर गेलं. मागून अफरोज धापा टाकत आला. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, आणि पाहिलेली माणसं आपापल्या वाटेनं निघून गेली होती. पोराचे डोळे लाल होते. मोठ्या मनाचा होता बिचारा. आई मध्ये बोलली होती, तरी त्यानं ते मोजलं नाही.

"अम्मी, तुम जीते," तो म्हणाला. "मैं कल अकेलाच जातौं."

मदीनाबीला नुसतं हूं म्हणायचं होतं. तेवढ्यावर घर राहिलं असतं, शेवगा राहिला असता, चूल राहिली असती. पलीकडे तिच्या घराचे पत्रे उन्हात चमकत होते. तिनं ते एकदा डोळे भरून पाहून घेतले. मकबूल रुळाकडं बघत उभा होता आणि फाटक बंद होतं की उघडं, हे त्याला आत्ताही कुणी सांगायला हवं होतं. तिनं पुकारलं होतं. जबाब आला नव्हता.

"अकेला नक्को," ती म्हणाली. उसवलेल्या सदऱ्यावरची मूठ तिनं अजून सोडली नव्हती. "तीन टिकट निकाल."