नाल्यापलीकडचं सरण

तव्यावरची भाकरी उलथायची राहिली.

बाभळीचं ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुपतं.

कडुनिंबाखालची बाज सैल पडली आहे. बाज आवळायला दोन माणसं लागतात.

अकोल्याहून जमुनाचा निरोप: बाबा, जठारपेठेत आमच्या वर एक खोली रिकामी आहे, या इकडे.

'राम राम'ला 'जयभीम' म्हटलं, तर ते उत्तर झालं की नाही?

करपल्याचा वास आला तेव्हा खुशालराव भानावर आला. हातात उलथणं तसंच होतं, कान दाराकडे होते. दिवेलागण झाली होती. नाल्यापलीकडून आवाज यायला हवा होता, आणि आजही तो आला नाही.

भातकुलीच्या टोकाला त्याचं घर. मग नाला, आणि नाल्याच्या त्या काठाला डोमाजीची वस्ती. छप्पनच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन आली, बौद्ध झाली, आणि तेव्हापासून रोज दिवेलागणीला सगळी मिळून काहीतरी म्हणू लागली. शब्द नीट कळत नसत. वाऱ्यावर एकच शब्द फिरून फिरून येई. सरणं. सरणं.

"हे लोकं रोज सरणाचं काहून म्हणून राह्यले?" त्यानं एकदा बायकोला विचारलं होतं.

पार्वताबाई भाकरी थापत होती. "मले काय इचारता? त्याइलेच इचारा ना. नाला हाय तो, वर्धा नदी नाही."

तो गेला नाही. त्याच्या मनात अढी होती. डोमाजीनं दीक्षा घेतली आणि गावकीची कामं टाकली. मेलेलं ढोर ओढणं बंद, मयताचा सांगावा नेणं बंद, सरणाची लाकडं फोडणं बंद. जन्मभर 'मालक' म्हणणारा माणूस तोंडावर 'जयभीम' म्हणू लागला. खुशालरावानं मग त्या वाटेनं जाणंच सोडलं.

यंदा पौषात पार्वताबाई गेली. लाकडं भावकीतल्या पोरांनी फोडली. ती ओली निघाली, धूर फार झाला. तिसऱ्या दिवशी राख सावडून तो घरी आला, अंगणात नुसता उभा राहिला, आणि पलीकडून तेच सुरू झालं. सरणं. सरणं.

"बंद करा रे ते सरण!" तो ओरडला. "माह्या घरचं आताच इझलं!"

आवाज थांबला. दुसऱ्या दिवशीही आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तेरवी झाली, जमुना अकोल्याला गेली, पाहुणे पांगले. मग त्याच्या ध्यानात आलं की माणसाचा म्हणून तेवढा एकच आवाज या घरात येत होता, आणि तोही आपणच घालवला.

भाकरी करपली त्याच्या दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर त्यानं काठी घेतली आणि नाला ओलांडला.

डोमाजी अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होता. उभ्या जन्मात त्याला 'डोम्या' अशीच हाक मारलेली. ती ओठापर्यंत आली आणि तिथंच अडली.

"डोमाजी," खुशालराव म्हणाला. "राम राम."

"जयभीम. या. रस्ता चुकला का?"

डोमाजीच्या बायकोनं, सुंदराबाईनं, आतून बाज आणून टाकली. खुशालराव बसला. बाज घट्ट आवळलेली होती.

"चहा मांडू का?" सुंदराबाईनं दारातून नवऱ्याला विचारलं.

"मांड." डोमाजीनं पाहुण्याकडे पाहिलं. "घेसान ना? का घरी जाऊन गोमूत्र प्या लागंन?"

"मांडा, वयनी," खुशालराव म्हणाला. "गोमूत्र द्याले आता घरी कोन हाय?"

डोमाजीनं मान खाली घातली आणि मोळीची गाठ उगाच पुन्हा एकदा ओढली.

चहा आला. खुशालरावानं बशीतल्या चहावर फुंकर घातली. मग म्हणाला, "चुकलं माहं. त्या दिशी वरडलो. तुमचं बंद पडलं."

"बंद कुठं पडलं? वरच्या विहिरीपाशी टिनं टाकले, विहार केला. आता तिकडं म्हणतो. तुमच्या घरी आयकू येत नाही, एवढंच."

खुशालराव बशीकडे पाहत राहिला. इतके दिवस जे ओझं तो वागवत होता, ते कोणी त्याच्या डोक्यावर ठेवलंच नव्हतं.

"म्हंजे मी वरडलो म्हणून नाही?"

"आयकलं ना आमी. पोट्टे म्हणे, आता आनखी मोठ्यानं म्हणू. हिनं आडोलं." डोमाजीनं दाराकडे मान केली. "तुमच्या तेरवीपावतर घरात बसून, दारं लावून म्हटलं. मंग टिनं आले, तिकडं गेलो."

"पण तुमी त तेरवी मानत नाही."

"आमी नाही मानत," डोमाजी म्हणाला. "तुमी मानता ना."

वाऱ्यानं पऱ्हाटीची सुकी बोंडं खुळखुळली. सुंदराबाई दारातच उभी होती.

"लाकडं ओली व्हती," खुशालराव एकदम बोलून गेला. "लय धूर झाला तिले."

डोमाजीनं सुतळी खाली ठेवली. "लाकडं फोडाले मी येनार नाही, खुशालराव. आता कोनाच्याच नाही."

"हो."

"मातीले आलो व्हतो. मांगं उभा व्हतो, जांभळीपाशी. तुमी पाह्यलं नाही."

खुशालरावानं मान हलवली. त्यानं त्या दिवशी धुराशिवाय काहीच पाहिलं नव्हतं.

"एक इचारू?" तो म्हणाला. "राग नका येऊ देऊ. तुमी रोज सरणाचं काहून म्हणता?"

"कायचं?"

"सरणाचं. सरणं, सरणं."

सुंदराबाईनं पदर तोंडाशी नेला. डोमाजी हसला नाही. "ते सरण नोहे. शरण. पालीत तसं म्हणते. आसऱ्याले जातो, असं हाय ते." मग म्हणाला, "मलेही पयल्या दिशी तसंच वाटलं व्हतं. म्हटलं, दीक्षा घेऊन राह्यलो का जिताजागता मसनात जाऊन राह्यलो!"

आता तिघंही हसले. खुशालरावाचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं, आणि थांबल्यावर त्याला उपरण्यानं डोळे पुसावे लागले.

"तिकडं बसलो त चालंन का?" त्यानं विचारलं. "मी काही म्हणत नाही. माहा राम माह्यापाशी हाय. नुसतं आयकतो."

डोमाजीनं आधी शेवटची मोळी कुडाला लावून ठेवली, हात झटकले.

"बसा. पण सतरंजीवर, सगळ्याइत. खुर्ची आमी कोनालेच देत नाही."

टिनाखाली एक दिवा होता, एक तसबीर होती, पाचपंचवीस माणसं होती. एकदोघांनी वळून पाहिलं, एकानं शेजारच्याला कोपर मारलं. खुशालराव मागे, सतरंजीच्या काठाशी टेकला. सगळ्यांचे हात जोडलेले. आपल्या हातांचं काय करावं ते त्याला सुचेना, म्हणून त्यानं ते मांडीवर ठेवले. सुरुवात झाली. तो शब्द आता जवळून आला, तोंडातोंडातून, स्वच्छ. त्यात धूर नव्हता. पार्वताबाईही नव्हती. त्या एका शब्दात ती सापडेल, असं त्याला इतके दिवस वाटत होतं. तो उठला नाही. शेवटपर्यंत ऐकत राहिला.

नाल्यापर्यंत डोमाजी सोबत आला.

"अकोल्याले जासान म्हणते?"

"पाहू." खुशालरावानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "राम राम."

"जयभीम."

या वेळी तो उत्तर येईपर्यंत थांबला होता.

घरी येऊन त्यानं चूल पेटवली. पीठ काढलं, पाणी घेतलं. कालची करपलेली भाकरी कोनाड्यात तशीच होती.

"अवो, आयकलं का?" तो चुलीकडे तोंड करून म्हणाला. "ते सरण नोहे. शरण हाय."

काटकी तडतडली. त्यानं मान वळवून मागे पाहिलं, आणि मग पीठ मळायला घेतलं.

पार्वताबाईला ते ठाऊक होतं. छप्पनच्या दिवाळीत, नाल्यावर धुणं धुताना, तिनं सुंदराबाईला विचारून घेतलं होतं.