नळाजवळची जलपिंपळी

मी जलपिंपळी बोलतेय. माझं बोलणं लिहून घेणारा या घरातला धाकटा भाऊ आहे. त्याची शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधेच निघाले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म ओढ्याकाठचा. मी उंच वाढत नाही. जमिनीला धरून सरपटते आणि जिथे पेर ओल्या मातीला टेकेल तिथे मूळ सोडते. फूल म्हणाल तर पांढरं-जांभळं, शर्टाच्या बटणाएवढं.

या घराच्या परसात नळापाशी कायम चिखल असे. एकदा त्याच्या वहिनी धुण्याच्या बादलीसकट तिथे घसरल्या. त्यानंतर यानेच ओढ्यावरून माझ्या फांद्या आणून चिखलात दाबल्या. मी सगळा चिखल झाकला. वहिनी माझ्यावर उभ्या राहून कपडे पिळतात, पण माझी तक्रार नाही. पाय पडले की मी आणखी घट्ट बसते.

पुढे मात्र मला आवर राहिला नाही. मी दादांच्या टोमॅटोच्या वाफ्यात शिरले. दादांनी खुरप्याने माझे बारीक तुकडे केले आणि तिथेच मातीत कालवले. "खत होईल हिचं," म्हणाले. वर पाणीही घातलं. मला आणखी काय हवं! तुकड्या-तुकड्याने मूळ धरलं.

"अहो, तण काढलंत की पेरलंत?" वहिनी हसून हसून पायरीवर बसल्या.

दादा हसले नाहीत. "उद्या नळापासून सगळी उपटतो आणि वर सिमेंट ओततो. कटकटच नको!"

"भावजी, तुम्ही आणलीत ना ही? मग बोला की!"

त्याचे कान लाल झाले. "मी... म्हणजे... बघू," एवढंच पुटपुटून तो आत गेला. संपलं, मला वाटलं.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी परसात आला. वाफ्यातली माझी रोपं मुळासकट काढली, कडेने चर खणला आणि विटा उभ्या रोवल्या. दादा सिमेंटची गोणी ओढत आले, तर हा वाटेत उभा.

"दादा, सिमेंट नको. ही विटा ओलांडून आली तर मी छाटीन. दर आठवड्याला."

दादा त्याच्याकडे बघतच राहिले. "एवढं बोलतोस होय रे तू?" म्हणत त्यांनी गोणी भिंतीशी टेकवली.

 तो नळाशी बसला आणि हातांची माती माझ्यावरच धुतली.