बाळंतिणीच्या खोलीतली अळंबी

दोन हजार एक सालातल्या त्या सकाळी पिशवीच्या छेदातून कानाच्या पाळीएवढं काहीतरी बाहेर आलं होतं — पांढरं, ओलसर, आणि लंकाबाईला वाटलं, कोमटही. तिने बोट लावलं नाही. पेंढा भरलेल्या पिशव्या आढ्याला टांगलेल्या, किंचित हलत होत्या. वारा कुठून येणार, खोलीला खिडकीच नव्हती... म्हणून तर सून इंद्रायणीने अळंबी लावायला हीच निवडली. अंधार हवा, ओल हवा. बाळंतिणीची खोली. मढ गावातल्या या घरातलं प्रत्येक मूल इथेच जन्मलं, लंकाबाईची पाचही. त्यातलं एक, नाव ठेवायच्या आधीच —

पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, परक्याला दाखवायचं नाही, असं ती बजावू लागली. इंद्रायणी खूश झाली; अळंबीची लागवड शिकवणाऱ्या साहेबांनीही स्वच्छता पाळायला सांगितली होती. पण पाचव्या दिवशी पिशव्यांखाली पाटा-वरवंटा मांडलेला, त्यावर हळदकुंकू वाहिलेलं बघून ती दारातच थबकली.

"आत्याबाई, पाचवी पुजलीत? कुणाची?"

लंकाबाईने हळद लागलेली आपली बोटं पाहिली. हात आपोआप करत गेले होते... माझेच ना ते हात?

पहिली तोड निघाली तेव्हा बचत गटातल्या बाया चुलीपाशी येऊन बसल्या. त्यांनी खाल्लं तर त्याही पिशव्या लावणार. नाहीतर इंद्रायणीचा उद्योग तिथेच बसणार.

"रानातली आळंबी आपल्या मनानं येती," शेजारची ठकूबाई म्हणाली. "ही तर जन्माला घातल्याली. आदी सासूला चार बाई. ती जगली तर आमी हाईच!"

बाया हसल्या. इंद्रायणी हसली नाही. "घ्या ना आत्याबाई. एकच घास."

घास मऊ होता. दाताखाली दबला, मग सुटला... आणि तिखटाच्या खालून वास आला — तेल जिरवलेल्या टाळूचा. थुंकावं, तर समोर सुनेचं तोंड. तिने गिळलं.

"कशी लागती गं?" ठकूबाईने विचारलं.

"लई ग्वाड."

बायांचे हात पातेल्याकडे गेले. पातेलं रिकामं होत गेलं तशी लंकाबाईला भीती वाटू लागली, ती निराळीच — आपल्याला उरणार नाही, याची.

ठकूबाईने त्याच वर्षी पिशव्या लावल्या, मरेपर्यंत लावत राहिली. इंद्रायणीने पुढे आळेफाट्याजवळ शेड बांधली. हॉटेलवाले माल नेतात. खोलीत आता कांदा असतो. लंकाबाई अळंबी खात नाही. पण वाडीत कुणाला दिवस गेल्याचं कानावर आलं की तिच्या तोंडाला पाणी सुटतं... मग ती ओठांवर पदर धरते आणि, कितवा महिना, एवढंच विचारते.