बोटांवरची मोजणी

थेरपिस्टने ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेलं चमचाभर पाणी त्याच्या जिभेवर ठेवलं आणि डावा हात त्याच्या डोळ्यांसमोर धरला. दगडखाणीतल्या स्फोटात डोक्याला मार लागून त्याचं गिळणं गेलं होतं, कानही गेले होते, म्हणून ती बोटांनीच सांगत असे. तीन, दोन, एक. एकावर ओठ मिटायचे, हनुवटी छातीला लावायची आणि गिळायचं.

एक बोट उरलं आणि त्याने आ वासला. पाणी भलतीकडे गेलं. ठसक्याने चेहरा काळानिळा झाला, नाकातली नळी थरथरली.

"चौथ्यांदा," थेरपिस्ट म्हणाली. "ताई, आज जमलं नाही तर उद्या पोटाला भोक पाडून नळी घालतील."

"घागर तोंडाला लावणारा माणूस," बायको त्याची हनुवटी पुसत म्हणाली, "आणि चमच्यापुढे हात टेकतोय! अहो, तोंड मिटा की."

खाणीत त्याच्याच बरोबर काम करणारा धाकटा भाऊ दाराशी उभा होता. महिनाभरात तो खाटेजवळ आला नव्हता.

"शेवटचा एक." थेरपिस्टने बोटं वर केली.

"मोजू नका," धाकटा म्हणाला.

"का हो भावजी?"

"सुरुंग उडवताना आम्ही असंच मोजतो, वहिनी. एकावर तोंड उघडायचं, म्हणजे कानाचे पडदे वाचतात. वीस वर्षांची सवय आहे दादाची."

"मग त्या दिवशी कसे नाही वाचले?"

धाकट्याने भिंतीवर हात टेकला.

"मोजत मी होतो. दोनवरच कळ दाबली. तो आडोशाला पोचलाच नव्हता."

"सुरुंग आपोआप उडाला म्हणाले होते सगळे."

"मीच तसं सांगितलं."

खाटेवरचा माणूस एकदा बायकोकडे, एकदा भावाकडे पाहत राहिला. थेरपिस्टने हात खाली घेतला. चमचा जिभेवर टेकवून तिने फक्त त्याच्या हनुवटीला स्पर्श केला. ओठ मिटले. गळ्यातली गाठ वर गेली, अडली, खाली आली. तिघंही ठसक्याची वाट पाहत राहिली. ठसका आला नाही.

"अजून एक देते," थेरपिस्ट हळूच म्हणाली.

"भावजी, ह्यांना त्या दिवसाचं काही आठवत नाही."

"माहीत आहे."

"पाच चमचे पोटात जाऊ देत आधी."

बायकोने त्याला काही सांगायचं तर लिहायची ती उशाखालची पाटी काढली, पदराने कोरडी पुसली आणि खडूसकट धाकट्याच्या हातात दिली.